उदंचन

साहेब म्हणाले, "उदंचन",
आणि माझ्याकडे पाहिलं.
मी अंगणवाडीची बाई, धडगावात बारावी झालेली,
पावरीत सांगायला म्हणून पुढच्या खुर्चीवर बसवलेली.
तोंड उघडलं, मिटलं.
आमच्या घरात असं भांडं नाही
ज्यात हा शब्द मावेल.

शेवटी जीपचा ड्रायव्हर, शहाद्याकडचा,
विडी विझवत अहिराणीत म्हणाला :
"पानी वर चढाडतस, मंग खाले सोडतस. बस."
सगळ्यांना कळलं.

डोंगरावर एक तळं, पायथ्याला एक.
रात्री वीज स्वस्त, तेव्हा पाणी चढणार.
संध्याकाळी शहरं दिवे लावतील, तेव्हा उतरणार.
सतरंजीवर नकाशा पसरला होता,
मोरखडी पाड्याच्या जागी फिकट पिवळा रंग
आणि त्यावर बारीक अक्षरात : पडीक.

जात्र्या पावराने नकाशा फिरवून घेतला.
"उत्तर वर असते," साहेब म्हणाले. मी सांगितलं.
जात्र्या म्हणाला, "वर डोंगर असतो."
मग बोट ठेवत गेला :
इथे छपराचं गवत.
इथे वाघदेव, त्याचं तोंड खिंडीकडे.
या सागाखाली गेमली, माझी बहीण,
पोर आडवं आलं होतं.
इथे बांधाचं भांडण आहे, बारा वर्षांचं,
ते लिहू नका, आमचं आम्ही बघू.
बोट उचललं तेव्हा पिवळ्यावर
तेलकट डाग पडलेला.

मागून रुमली उठली, हातात चुंबळ तशीच.
तिचं मी शब्दाला शब्द सांगितलं :
"झिऱ्यावरून रोज चार हंडे
आम्ही वर चढवतो. माझी आईही चढवायची.
ती वीज कुठे जाते?"
ड्रायव्हर हसला. मग हसायचा थांबला.
साहेबांनी वहीत लिहिलं : चर्चा झाली.

ठराव टाइप होऊनच आला होता,
'सर्वानुमते', तारखेपुरती जागा सोडून.
अर्धा पाडा गुजरातेत ऊस तोडत होता.
"ना हरकत म्हणजे काय ते सांगा त्यांना."
मी म्हटलं, साहेब, आमच्यात असं
पाहुण्याचा पाय चुकून लागला
तर म्हणतात.

जात्र्या म्हणाला, मोहू वेचून झाला की या,
माणसं परत आलेली असतील. रात्रभर बसू,
जो उठून जाईल त्याला हाक मारून आणू,
मग काय ते बोलू.
मी सांगितलं : एप्रिल सरता सरता.
साहेब म्हणाले, मार्चअखेर निधी परत जातो.
तेही मी सांगितलं.

"जाऊ दे," जात्र्या म्हणाला,
"त्यालाही घर असेल."

एवढं एकच वाक्य
मी त्या दिवशी इकडून तिकडे नेलं नाही.

जीप घाट उतरून गेली. दिवे दोनदा दिसले,
मग नाही.
रुमलीने हंडा उचलला, मीही माझा घेतला.
झिऱ्याला थोडं होतं, वाटीने भरावं लागलं.
मग आम्ही दोघी,
आणि पाणी वर चढायला लागलं.