तिसऱ्या तळावरचं दार

ऑरिनच्या तळघरात पाणी तापवायची टाकी गुरगुरते.
नवख्या माणसाला आम्ही सांगतो, ड्रॅगन आहे,
आणि थोडं आम्हालाही तसं वाटतंच.
शुक्रवार. बाहेर सुपीरियर सरोवर
काठाकडून आत गोठत चाललंय.
आत एक डगमगतं टेबल, चौकटीच्या कागदावर नकाशा:
एक चौकोन म्हणजे दहा फूट अंधार.

फासे जुनेच. एक्क्याऐंशीत टपालानं आले तेव्हा
आकडे नुसते कोरलेले होते,
रंग मेणखडूनं आपला आपण भरायचा.
वीस बाजूंचा तो आता इतका झिजलाय
की थांबतच नाही,
मत बदलणाऱ्या माणसासारखा घरंगळत राहतो.

टोइवोचे अकरा जादूगार मेले.
पहिला उंबऱ्यातच, उंदरानं.
प्रत्येक वेळी तो तीन फासे सहादा टाकतो,
पडेल ते नशीब पडेल त्या क्रमानं लिहून घेतो
आणि नाव तेच ठेवून पुढचा आकडा वाढवतो,
राजघराणं असल्यासारखा.
मार्लिस दिवसा इस्पितळात जखमा बांधायची,
रात्री कुऱ्हाडीनं करायची.
म्हणायची, हिशेब चुकता राहतो.
मी चोर. टपालखात्यात सदतीस वर्षं
दुसऱ्याचं एक पाकीट उघडलं नाही;
इथे कुलूप दिसलं की बोटं शिवशिवतात.

आणि ते दार.
तिसऱ्या तळावर, कोरड्या कारंज्याच्या दक्षिणेला.
लोखंडी. हात लावला तर कोमट.
त्र्याऐंशीपासून आम्ही ते उघडलेलं नाही.
दहा फुटी काठीनं ढोसलं, बिजागऱ्यांत तेल ओतलं,
त्याच्यापायी मार्लिस आणि टोइवो
दोन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत
(लग्न मोडलं ते नंतर, वेगळ्या कारणानं).
कान लावला की ऑरिन पुठ्ठ्याच्या आडोशामागे
एक फासा टाकायचा, बघायचा,
आणि म्हणायचा, "हं."
त्या एका "हं"ला आम्ही चाळीस वर्षं भ्यालो.

आज ऑरिनची नात आलीय, ब्रिन, तेरा वर्षांची.
फोनला रेंज नाही म्हणून खेळते म्हणाली.
तिला मशालवाली केलं: रोजंदारी,
दोनच प्राणगुण, तेही उसने वाटावेत असे.
आम्ही तिघं एकदम तिला सांगू लागलो,
सापळे, विषारी सुया, तेलाचं ते प्रकरण.
तिनं सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाली, "मी दार वाजवते."

वाजवलं कुणीच नव्हतं.

टाकीसुद्धा गप्प झाली.
माझी पेन्सिल पडली. उचलायला वाकलो तेव्हा
आडोशाच्या फटीतून ऑरिनची वही दिसली:
खोली एकतीस. त्यापुढे काही नाही.
रिकामे निळे चौकोन, एक कॉफीचा डाग,
आणि बस्स.
मी पाहिलं हे त्यानं पाहिलं.
मी पेन्सिल घेऊन सरळ बसलो.
चोर आहे, चुगलखोर नाही.

ऑरिननं फासा टाकला. तो घरंगळत
टेबलाच्या कडेवरून खाली गेला.
कुणी शोधायला वाकलं नाही.
या माणसानं तीस हिवाळे बर्फ उपसायचा ट्रक हाकला,
पुढे रस्ता दिसत नसताना
रस्ता आहे असं धरून.
त्यानं घसा खाकरला.

"आत खुर्ची सरकल्याचा आवाज येतो.
कुणीतरी म्हणतं, या,
पण आधी पायाचं बर्फ झटका."

टेबलाखाली मार्लिसनं खरोखर
सतरंजीवर बूट घासले.

"किती जण आहेत आत?" ब्रिननं विचारलं.
ऑरिननं कोऱ्या पानावर पेन्सिल टेकवली.
"थांब," तो म्हणाला,
"मोजतोय."