कुंपणाला अडुळसा

आधी जास्वंद लावली होती.
शेळ्यांनी आठ दिवसांत तिच्या काटक्या केल्या.
मग मेंदी. तिलाही त्या नको म्हणाल्या नाहीत.
विट्यात आमच्या गल्लीला पाणी चौथ्या दिवशी,
त्यातल्या दोन बादल्या कुंपणाला,
म्हणजे शेळ्यांना.

बाबालाल मुजावर, समोरच्या शेडमधला जॉबर,
रेवणगावहून येताना
ओल्या पोत्यात फांद्या गुंडाळून घेऊन आला,
सायकलच्या कॅरिअरला बांधून.
वीतभर तुकडे, तिरके खोचायचे,
दोन डोळे मातीत, दोन वर.
"शेळी हुंगंल आन् फुडं जाईल, वहिनी."
पैसे किती विचारलं,
तर नुसताच खोकला.

शेळीनं हुंगलं. पुढं गेली.

वैशाखात सगळी बाग कागदासारखी वाजायची
तेव्हाही हा हिरवा,
थोडा धुळकट, पण हिरवा.
त्याच्या आडोशाला वांगी धरली.
केळी पिकत घालताना वर त्याचीच पानं,
मावा पडला तर गोमूत्रात कुजवून फवारा.
(मावा गेला. वास गेला नाही.
शेजारच्या तारळेकर बाई महिनाभर बोलल्या नाहीत.)
माघात फुलं येतात, पांढरी,
डॉक्टरपुढं आ करून बसल्यासारखी,
आत जांभळ्या रेघा.
मधमाश्या त्यात डोकं खुपसून
काय तपासतात कोण जाणे.

एक मात्र कळायचं नाही.
घराकडची बाजू दाट, माझ्या खांद्याएवढी,
रस्त्याकडची कायम कमरेला.
पोरांची खोडी असेल, म्हणून एकदा
पहाटे काठी घेऊन बसले.

रात्रपाळी सुटली.
केसांत, भुवयांत, मिशांत कापूस,
सगळी माणसं एका रात्रीत म्हातारी झालेली.
चालता चालता एकेक हात कुंपणावर यायचा,
दोन पानं, तीन पानं,
शर्टाच्या खिशात.
आणि तो आवाज, पुढून मागून,
माग बंद झाल्यावरही छातीत चालू राहिलेला.
बाबालाल सगळ्यांच्या शेवटी.
त्यानं पाच घेतली.
मी काठी पदराआड धरली.

अकरा वर्षं मला कात्री लागली नाही.

मग शेड विकली. माग किलोवर गेले,
ट्रकमध्ये भरताना सुद्धा
त्यांच्यातून कापसाची पिसं उडत होती.
कोण इचलकरंजीला गेलं, कोण घरी बसलं.
बाबालालची सून गेल्या वर्षी भेटली बाजारात,
"मामंजी आता नाहीत," एवढंच म्हणाली,
आणि मेथीचा भाव विचारू लागली.

या आषाढात पाहिलं तर
रस्त्याकडची बाजू माझ्या डोक्यावर गेलेली.
परवा खानापूर रोडवरून कात्री आणली,
तीनशे वीस रुपये, लाल मुठीची.
छाटायला लागले.
हाताला तो कडू हिरवा वास.
छाटलेलं वांग्याच्या आळ्यात टाकत होते,
तेवढ्यात पलीकडं कुणीतरी खोकलं.

मी कात्री थांबवली. फांदी सोडून दिली.
वाट पाहिली.

मोटारसायकल होती, सुरू न होणारी.