मागचे शोध

गल्लीतले माग अकराला थांबतात.
मग विट्यात एवढी शांतता होते
की शेजारच्या सुमित्राकाकींचं घड्याळ
आमच्याच भिंतीवर चालतंय असं वाटतं.

घरात फोन एक. दिवसा त्याच्या अभ्यासाचा,
रात्री माझा. चार्जरची वायर आखूड,
म्हणून फ्रीजला टेकून, खाली फरशीवर बसते
आणि माईक दाबून हळूच म्हणते :
पोरगं बोलत नाही.

फोन विचारतो, बाळ किती महिन्यांचं आहे?
दीड वर्षापर्यंत दहा शब्द तरी यावेत, म्हणतो.
मी बोटं मोजते. समरजीतचे आजचे शब्द :
हं. नको. ठेव तिथं. जातो. आई, दार.
सात.
पंधरा वर्षं चार महिन्यांचं आहे बाळ.
मिशी फुटलीय.

पुन्हा सांगते, नीट, शाळेत बाईंसमोर बोलावं तसं :
किशोरवयीन मुलगा.
हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा तोंडातून काढला.
मग पानंच पानं. एकावर पांढरा सोफा,
बापाच्या खांद्यावर मुलाचा हात,
तिघांचे दात सारखे.
खाली लिहिलंय : आई-वडील दोघांनी मिळून
रोज अर्धा तास मुलासोबत बसा.
दोघांनी.
याचे बाबा कटकला. चांदी गाळतात.
दिवाळीला अकरा दिवस, जत्रेला चार.
असलं घर कुठल्या पानावर असतं
ते शोधत बोट खाली ओढत राहते.

खूप खाली एक डॉक्टर बाई सापडल्या, मराठी बोलणाऱ्या,
गळ्यात साधी पोत, मागं कॅलेंडर.
आवाज अगदी बारीक करून ऐकल्या.
उपदेश नको, म्हणाल्या. समोरासमोर बसवू नका.
हाताला काम ठेवा आणि शेजारी बसा.
हे पटलं. किराणाच्या वहीत लिहून घेतलं,
हरभरा डाळ दोन किलोच्या खाली.

पहिल्या दिवशी शेजारी बसले. तो उठून गेला.
दुसऱ्या दिवशी लसूण सोलायला घेतला.
चार पाकळ्या सोलल्या त्यानं. नखं बघत बसला.
तिसऱ्या दिवशी मीच भांडले, चपलांवरून.

शनिवारी रात्री बोट नुसतं टेकवलं
तर माईक दाबायच्या आतच खाली ओळी उतरल्या,
मागचे शोध. माझे नव्हते.

चांदी गाळताना लालसर धूर का निघतो
तेजाबाचा धूर छातीत किती वर्षं राहतो
खोकल्यातून रक्त
कटक ते मिरज रेल्वे किती तास
दहावीनंतर लगेच पगार

दिवाळीत ते खोकत होते. मी म्हटलं, हवा बदलली.
रात्री परसात जाऊन थुंकून यायचे.
अंधारात बॅटरी कोण धरत होतं
ते मी विचारलं नव्हतं.

फ्रीज गुरगुरला, थांबला.
आतल्या खोलीत तो कुशीवर झोपलेला,
पाय कॉटच्या बाहेर. उठवला नाही.
माईकही दाबला नाही. या गोष्टी बोलून
भिंतीला ऐकवायच्या नव्हत्या.
एकेक अक्षर हुडकत लिहिलं, बोट घसरत होतं :

धुरासाठी मांस्क कुठला चांगला
छातीचे डॉक्टर मिरज
नवऱ्याला घरी ये कसं सांगायचं

तिसऱ्याला फोननं बरंच काही दाखवलं,
सोफा, गुलाब, हसरे दात.
मी ते मिटवलं नाही. काहीच मिटवलं नाही.
फोन त्याच्या भूगोलाच्या पुस्तकावर ठेवला
आणि पडले. झोप आली असं म्हणणार नाही.

सकाळी पाणी आलं होतं, हंडे भरत होते.
तो मागच्या दारात येऊन उभा राहिला,
एक हंडा उचलला, आत नेला, परत आला.
म्हणाला, मंगळवारी बाबांचा फोन येईल
तेव्हा तू रडू नको. मी बोलतो.
तुला नीट सांगता येत नाही.

मी नळाखाली कळशी सरकवली.

आणि मास्कवर, म्हणाला, टिंब नसतं.