सतराव्या प्रकरणातली सायकल

वेलिगामच्या आमच्या मागच्या गल्लीत
दोन वर्षांपूर्वी गंगा आली होती.
म्हणजे गंगा नाही, तिच्याकडे जाणारा रस्ता.
डांबरावर चार ट्रक माती ओतली,
गुणपाल शिंप्याच्या दुकानावर हिंदी पाटी चढली,
डिश अँटेनांवर गवताच्या पेंढ्या,
आणि नारळांना बजावण्यात आलं,
कॅमेऱ्यात यायचं नाही.
झाडंच ती. आली.

आज तिसरा भाग.
जावई लॅपटॉपची वायर टीव्हीत खुपसतोय,
शेजारची सहा माणसं चटईवर,
आणि माझ्या मांडीवर ते पुस्तक,
सिंहलीतलं, पाठीला जखमेची पट्टी चिकटवलेलं.
अकरा वेळा वाचलंय.
बारावी वेळ गेल्या वर्षी अर्ध्यात सोडली.

मी भारत पाहिलेला नाही.
शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं शिक्के मारले.
पुस्तकात गल्ली आली की मी हीच गल्ली घालायची,
विहीर आली की हीच, नीरफणसाखालची.
किशोरी इथे पाणी भरायची.
हरनाथ कंपाउंडर बाटल्या विसळायचा
तो गुणपालच्या ओट्यावर.
कुणाला बोलले नाही, हसले असते.
आणि मग लंडनहून माणसं आली,
सगळं जग धुंडाळून
नेमकी माझ्याच डोक्यात तंबू ठोकून बसली.
फक्त नीरफणस त्यांनी कापडाने झाकला.
'तिकडे हा नसतो,' त्यांची बाई म्हणाली.
मला वाईट वाटलं. किशोरी सावलीत कुठे उभी राहणार?

टीव्हीवर हरनाथ इंग्रजी बोलतो.
निल्मिनी फणकारते, हा कसला कंपाउंडर!
माझ्याकडे तो सिंहली बोलायचा, मातरच्या बाजूची.
तिकडे, खरोखरीच्या गंगेकाठी
तो काय बोलत असेल,
हे इतक्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

सतरावं प्रकरण. माझं.
त्यात काही होत नाही.
ती मटार सोलते, तो शिळं वर्तमानपत्र वाचून दाखवतो,
गव्हाचे भाव, कुणाची हरवलेली म्हैस,
आणि जाताना चष्मा विसरतो. एवढंच.
यांनी मटार काढून टाकले.
दोनशे बारा पानं जी दोघं गप्प राहिली
ती मिनिटभरात सगळं बोलून मोकळी.

मी रागाने पुस्तक उघडलं,
आणि तेवढ्यात त्यांच्या पाठीमागच्या खिडकीतून
दयावंस गेला.
सायकलवर. धोतर नेसून.

'पाचशे पानं आणि एक खून नाही?' म्हणायचा.
कधी एक पान उलटलं नाही त्याने.
शूटिंगचे पैसे मिळाले त्यातून चेन बदलली.
त्या दिवशी सरोंग सोडायला तयार नव्हता,
वरूनच गुंडाळलं धोतर,
कपडेवाली पोरगी रडकुंडीला आली होती.
'बघा, कड दिसतेय!' गुणपाल ओरडला.
निळ्या चौकड्यांची, वीतभर.
सगळे हसले, मग एकेक करून
हसायचे थांबले.
वेसाकचे कंदील उतरायच्या आत गेला तो.

मागे घे, मी जावयाला म्हणाले.
पुन्हा गेला. चार सेकंद.
डावीकडून उजवीकडे.
उजवीकडे काय आहे ते मला ठाऊक आहे,
गटार, मग पोस्टाची पेटी, मग आमचं फाटक.
त्याची उघडताना होणारी करकर
टीव्हीत आली नाही.

रात्री पान न् पान चाळलं. सायकल कुठेच नाही,
त्या गावात त्या काळी कुणाकडे असणार?
पान दोनशे बारा. परिच्छेद संपतो,
एक ओळ कोरी, मग पुढचा.
त्या कोऱ्या ओळीशी जरा थांबले,
रस्ता ओलांडताना थांबतात तशी.
मग बारावी वेळ जिथे सोडली होती तिथे जाऊन
किशोरीजवळ बसले. सूप पुढे ओढलं.
मटार बरेच राहिले होते.