चामखीळ

राजा गेला त्या डिसेंबरात
एस्किलस्टुनाची नदी काठाकाठाने गोठली होती,
आणि आमच्या दाराशी घोडागाडीतून उतरले
लॉजचे चिटणीस, कॉन्सल लेयेल:
पांढरे हातमोजे, दंडाला काळी फीत,
आणि पाकिटात मयत राजाचा फोटो.

फ्रीमेसन मंडळींचा तो थोरला बंधू होता म्हणे.
स्मृतिपदक हवं. तीनशे काशाची, बारा चांदीची.
पुढे राजाचा मुखडा,
मागे गुण्या, कंपास आणि मोडका खांब.

बाबा मेसन नव्हते.
आमचा गुण्या खिळ्याला टांगलेला असायचा,
एक कोपरा गंजलेला,
कपाटाचं दार कलंडलं की आईच तो उतरवायची.

राजाला बाबांनी एकदाच पाहिलं होतं,
रेल्वेच्या फलाटावर, शिंक आवरताना.
डाव्या कानाखाली चामखीळ.
ती त्यांनी कोरली.

ठशात सगळं उलटं असतं.
डावं ते उजवं, उंच ते खोल.
नाक म्हणजे दरी,
आणि चामखीळ म्हणजे
सुईच्या अग्राएवढी विहीर.

शिशावर पहिला छाप घेऊन पाठवला.
समितीचं पत्र आलं: बाकी उत्तम,
चामखीळ तेवढी काढावी.

पोलादातली विहीर बुजत नाही, बाबा म्हणाले.
भोवतालची जमीनच खाली न्यावी लागते.
आठ रात्री ते राजाचा गाल खणत बसले,
डोळ्याला भिंग, जिभेचं टोक दातांत,
विहिरीचा तळ लागेपर्यंत.

म्हणून पदकावरचा राजा जरा गुबगुबीत आहे.
वर्तमानपत्राने लिहिलं,
मुद्रेवर तृप्त शांती विलसते.

मी तेव्हा चौदा वर्षांची.
एकेक पदक कापसात बसवायचं, झाकण लावायचं,
दहा डब्या झाल्या की खडूची रेघ.
बोटं आठवडाभर पितळेसारखी वासत होती.

लॉजच्या पायऱ्यांपर्यंत माझी हद्द.
आतून तीन ठोके ऐकू आले,
मग खूप वेळ काहीच नाही.
द्वारपालाने पावतीवर सही करताना सांगितलं,
महाराज चिरंतन पूर्वेला गेले.
मी मान हलवली.
आमच्या पूर्वेला चाकूंचा कारखाना होता.

बाबांचे डोळे त्याच हिवाळ्यात अधू झाले.
बिलातले चाळीस क्रोनर अजून यायचे आहेत,
म्हणजे आता येणार नाहीत.

शिशाचा तो पहिला छाप परत आला होता,
पत्रासोबत, चामखिळीभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ.
तो माझ्याकडे आहे. शिवणाच्या कापडावर ठेवते, उडू नये म्हणून.
नातवंडं छापा-काटा करायला मागतात.
याला काटा नाही रे, मी म्हणते,
मागची बाजू कोरी आहे.

शिसं मऊ.
विचार करताना माझा अंगठा नेमका त्या कानाखाली जातो.
चामखीळ आता जवळजवळ लागतच नाही हाताला.
समितीला हवं होतं ते काम
मी फुकटात करत आले,
साठ वर्षं,
आणि काल लक्षात आलं तेव्हा
अंगठा उचलून बाजूला ठेवला,
दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.