पुसणं

सिनेमात आम्ही जिंकतो, भर पावसात मिठ्या मारतो.
नातू विचारतो, "आजोबा, यातले तुम्ही कोणते?"
मी भुईमुगाची टरफलं खिशात भरतो.

एकाहत्तर साली, जॉर्जियात, आम्ही सात सामने हरलो.
माझ्या काळ्या हातचा चेंडू
ड्युई हॅस्केल पँटला पुसून घ्यायचा.
मी मोजायचो. एका दुपारी एकोणीस वेळा.

मग ऑक्टोबरात त्याचा खांदा निखळला.
बसमध्ये त्याच्या बुटाच्या नाडीची गाठ
चिखलानं आवळलेली;
नखं हरली, तेव्हा मी दातांनी सोडवली.
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
कापसाची शेतं, पेट्रोल पंप, अंधार.

खांदा बरा झाल्यावर
मी चेंडू फेकला.
त्याचा हात पँटकडे गेला,
अर्ध्यावर थांबला.

एवढंच.
कॅमेऱ्याला काय दिसणार त्यात?