बदवल

अब्दलीच्या नाक्यावर ट्रकयार्डाचं फाटक क्रमांक चार.
छातीवरच्या बिल्ल्यावर अरबीत माझं नाव: बदवल.
त्यांच्याकडे प नाही, ड नाही, ळ तर नाहीच.
पडवळांपैकी जेवढं उरलं, तेवढ्यावर
बारा तासांची रात्रपाळी मिळते.

सतरा वर्षं फौज. उजव्या पायाची दोन बोटं हिमनदीवर राहिली.
इथे रात्री एक वाजताही सिमेंटचा कट्टा तव्यासारखा,
आणि नसलेली बोटं अजून गारठतात.

उत्तरेला सफवान, त्याच्यापुढे बसरा. ट्रकला दीड तास.
हा दांडा दिवसातून दोनशे वेळा मीच वर करतो,
माझा व्हिसा त्याच्या अलीकडे संपतो.

पणजोबा तुळाजी पलीकडेच राहिले.
मराठा पलटणीतून फाओला उतरले, मांडीभर चिखलात.
पुढचं कुणाला ठाऊक नाही.
घरी आली एक काशाची चकती, बशीएवढी:
एक बाई, हातात त्रिशूळ, शेजारी सिंह.
पणजीनं लगेच ओळखली. कुंकू लावलं, देवांत बसवली.
कडेनं उठलेली इंग्रजी अक्षरं वाचणारं
वाडीत कुणी नव्हतं.
पुढच्या पिढीत ती दुधाच्या पातेल्यावर आली.
चपखल बसायची.

आजोबा इटलीहून परतले एका फुफ्फुसानिशी
आणि पावाला कच्ची लसूण घासून खायची खोड घेऊन.
वडील एकाहत्तरला पूर्वेकडे. विचारलं की म्हणायचे,
बूट एक नंबर मोठे मिळाले होते.
झालं. तेरा दिवसांचा इतिहास.

काझिम टोमॅटो नेतो बसऱ्याला.
त्याला म्हटलं, नासिरियाच्या रस्त्याला एक भिंत आहे म्हणतात,
जुन्या लढाईतल्या माणसांची. बघशील?
तो चहाचा पेला फिरवत बसला.
त्याचा बापही फाओलाच होता, शहाऐंशी साली.
हाडं सापडली का, मी विचारलं.
म्हणाला, माफी.

माफी म्हणजे इथे 'नाही'.
पहिले सहा महिने मला वाटायचं,
ही माणसं उठसूट क्षमा का मागतात.

काल रात्री अडीचला फोटो आला. फोटोत टळटळीत दुपार.
वाळवंटात खांबांची रांग, सावलीला शेळ्या.
साहेबांची नावं. सुभेदार-जमादारांची नावं.
त्याखाली: आणि इतर शिपाई, अमुक इतके.
नफरी. मला ओळखीची वाटली ती पद्धत.
मीही वहीत तसंच लिहितो:
आत गाड्या इतक्या, बाहेर इतक्या.

मग दुसरा फोटो.
त्या आकड्याशेजारी खडूनं, उजवीकडून डावीकडे,
दोन शब्द. पहिला मी अक्षर लावत लावत वाचला.
दुसरा लावावा लागला नाही.
काझिमनं स्पेलिंग विचारलंच नव्हतं,
माझा बिल्ला आठवून लिहिलं असणार.
तुलाजी बदवल.
शंभर वर्षांनी नाव लागलं भिंतीला, तेही माझ्या चुकीसकट.
दोन दिवस टिकेल. इथला वारा धुळीनं पुसतो.

अडीच म्हणजे गावी पहाटेचे पाच.
सुयोग डांबरीवर धावून आला असणार.
त्याचा मेसेज: सोळाशे मीटर, पाच बावीस.
बाबा, भरतीला नात्याचा दाखला लागेल, माजी सैनिकाचा मुलगा म्हणून.
चार वर्षांची नोकरी. पुढचं त्यानं लिहिलं नव्हतं,
मीही विचारलं नाही.
शाबास लिहिलं, खोडलं.
सावकाश पळ लिहिलं, तेही खोडलं.
शेवटी खडूचा तो फोटो पाठवला, काही न लिहिता.

थोड्या वेळानं त्याचं उत्तर:
हे काय लिहिलंय? कोण आहे?

सांगायला बसलो. प पासून सुरू करावं,
का पातेल्यावरच्या झाकणापासून, ठरेना.
तेवढ्यात भोंगा वाजला, ट्रकचे दिवे डोळ्यांवर आले.
फोन खिशात ठेवला. दांडा वर केला.
वहीत लिहिलं:
बाहेर, एक.